आधी खुंटी, मग सवय: रोज स्वतःची काळजी घ्यायला सुरुवात कशी करावी

उद्यापासून सगळं बदलायचं असं ठरवून झोपलेल्या माणसापुढे सकाळी एकदम आठ-दहा कामं उभी राहतात. लवकर उठणं, व्यायाम, ध्यान, भरपूर पाणी, साखर बंद, मोबाइल कमी, रोज दहा पानं वाचन, रात्री डायरी. चार दिवस उत्साह टिकतो. पाचव्या दिवशी कामावरून यायला उशीर होतो किंवा घरात कुणाला ताप येतो, आणि एक गोष्ट सुटली की तिच्यामागून बाकीच्याही सुटतात. मी हे दोनदा केलं. दोन्ही वेळा महिना उलटायच्या आत सगळं जुन्या वळणावर गेलं, आणि वर 'आपल्याच्याने काही होत नाही' ही टोचणी मागे राहिली. ही टोचणी फार वाईट. ती पुढचा प्रयत्नही करू देत नाही.

तिसऱ्या वेळी मी एकच गोष्ट घेतली, तीही अगदी किरकोळ, आणि ती टिकली. मग तिच्या जोडीला दुसरी आली. आज माझ्या दिवसात अशा सहा-सात सवयी आहेत आणि त्यातल्या एकीसाठीही मला मनाची तयारी करावी लागत नाही. हा लेख अगदी शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. वाचून झाल्यावर आजच सगळं सुरू करू नका. पहिली पायरी घ्या, दोन-तीन आठवडे तिच्यावर स्थिर व्हा, मग पुढची.

पायरी १: खुंटी शोधा

एक कागद घ्या आणि तुम्ही रोज काहीही न ठरवता जे करता ते लिहून काढा. उठल्यावर तोंड धुणं, चहा किंवा कॉफी करणं, अंघोळ, दाराला कुलूप लावणं, दोन वेळचं जेवण, रात्री फोन चार्जिंगला लावणं. या सगळ्या भिंतीत पक्क्या ठोकलेल्या खुंट्या आहेत. नवी सवय हवेत लटकत ठेवली की पडते. ती यातल्या एका खुंटीला अडकवायची.

'मी रोज व्यायाम करीन' या वाक्याला खुंटी नाही. कधी करणार, कुठे करणार, कशानंतर करणार, काहीच ठरलेलं नाही. त्याऐवजी 'सकाळी दात घासून झाले की मी चालायचे बूट घालीन' असं म्हणा. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९०च्या दशकात अशा 'जर-तर' ठरावांचा अभ्यास केला. नुसता हेतू मनात धरणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवणारे लोक ते काम जास्त वेळा पार पाडतात, असं त्यांना आणि पुढे अनेकांना दिसलं. कारण साधं आहे. ऐन वेळी निर्णय घ्यावाच लागत नाही. तो आधीच झालेला असतो.

माझी पहिली खुंटी होती सकाळचा चहा. गॅसवर पाणी ठेवलं की ओट्याला दोन्ही तळवे टेकवायचे, पाय मागे घ्यायचे आणि शरीर तिरकं ठेवून हात वाकवायचे, पुन्हा सरळ करायचे. दहा वेळा. पहिल्या आठवड्यात सहाव्या वेळेला दंड थरथरायचे आणि मनगटं दुखायची. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की माझे दहा पूर्ण झालेले असत. पाण्याला उकळी येईपर्यंत मी पुन्हा सरळ उभी. एवढाच वेळ लागायचा. महिन्याभराने एका सकाळी मनात काही न आणताच हात ओट्यावर गेले, तेव्हा कळलं की सवय लागली.

सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर फार विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेल्या अभ्यासात एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले. फरकही मोठा होता, कुणाचा अंदाज १८ दिवसांचा, तर कुणाचा तब्बल २५४. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो. म्हणून बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुमच्यात काही उणं आहे असं समजू नका.

आणि एक नियम: सवय इतकी लहान ठेवा की तुमच्या सर्वांत वाईट दिवशीही ती होईल. ताप नाही पण अंग मोडून आलंय, दिवसभर बोलणी खाल्लीत, घरी यायला रात्रीचे दहा वाजलेत. त्या दिवशीही जे जमेल तेवढंच ठरवा. चांगल्या दिवशी जास्त करायला कुणाची ना नाही.

पायरी २: उठण्याची वेळ बांधून घ्या

बाकीच्या सवयींच्या आधी झोप, असं माझं ठाम मत आहे. झोप अपुरी असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाची ओढ लागते, चिडचिड होते आणि व्यायामाचा विचारही नकोसा वाटतो. अशा शरीरावर दुसरी कुठलीही सवय बसवायला गेलं की ती घसरते. मोठ्या माणसाला रात्री निदान ७ तास झोप हवी. 'मला पाचच तास पुरतात' म्हणणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात ते पुरत नसतात. फक्त थकव्याची सवय झालेली असते.

लोक सुरुवात झोपायच्या वेळेपासून करतात आणि तिथेच अडकतात. ठरवून झोप आणता येत नाही. ठरवून उठता मात्र येतं. म्हणून आधी उठण्याची एक वेळ बांधा आणि ती सुट्टीच्या दिवशीही पाळा, फार तर तासभर इकडेतिकडे. पहिले पाच-सहा दिवस दिवसा पेंग येईल. मग रात्री झोप आपोआप अलीकडे सरकू लागते.

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतही त्याची छोटी आवृत्ती आहे. हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं ते उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ लावलं जातं ते मुख्यतः उजेडाने. म्हणून उठल्यावर पहिल्या तासाभरात दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या उजेडात या. गच्ची, अंगण, रस्ता, काहीही चालेल. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. रात्री याच्या उलट. झोपेआधी तासभर मोठे दिवे मालवा, एखादा मंद दिवा ठेवा. तीव्र उजेडामुळे मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक उशिरा स्रवतं.

चहा-कॉफीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि त्यामुळे झोपेचा दाब वाढतो. कॅफीन त्या ॲडेनोसिनची जागा अडवतं. दाब कमी होत नाही, फक्त जाणवत नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं. दुपारनंतर बंद करून बघा, दोन आठवडे तरी. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती तुटक होते.

फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा दहा ॲप लावूनही पडत नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा. फोन उशाशी असला की जाग आल्यावर हात तिकडेच जातो, आणि रात्री तीन वाजता वाचलेली कुठलीही बातमी सकाळपर्यंत थांबली असती.

डोक्यात विचारांचं चक्र फिरत असेल तर कागदावर उद्याच्या कामांची यादी लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात झालेल्या एका छोट्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. 'बँकेचं काम' असं न लिहिता 'अकरा वाजता बँकेत फोन करून कार्डाचं विचारणं' असं लिहा.

अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळत असाल तर उठा. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी निरस करा, डोळे मिटू लागले की परत या. अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, अशी सांगड मेंदूत बसू द्यायची नाही. आणि मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबतो असं कुणी सांगितलं, किंवा पुरेसं झोपूनही दिवसभर डुलक्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. ती सवयींनी सुटणारी गोष्ट नाही.

पायरी ३: बूट दाराशी ठेवा

१९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, रस्ते तेच, घरची परिस्थितीही बरीचशी सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता. ते कुठल्याही जिममध्ये जात नव्हते. त्यांची नोकरीच त्यांना हलवत होती. आपल्यापैकी ज्यांची नोकरी हलवत नाही त्यांनी ती हालचाल दिवसात कुठेतरी परत आणायची, एवढाच व्यायामाचा अर्थ सुरुवातीला धरा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस प्रौढांसाठी अशी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार, आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. १५० मिनिटं ऐकून दडपू नका. रोज २२ मिनिटं म्हणजे झालंच की. तीही एका दमात हवीत असं नाही, आता पाच, मग दहा, असं चालतं.

दहा हजार पावलांचा आकडा मनावरून उतरवा. तो आला १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला काढलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून, 'मानपो-केई' म्हणजेच दहा हजार पावलांचं मापक. २०२२ साली १५ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीच्या पुढच्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा ६ ते ८ हजार पावलांच्या आसपास स्थिरावतो, आणि त्याहून तरुणांमध्ये ८ ते १० हजारांच्या आसपास, असं दिसलं. आज तुम्ही २५०० चालत असाल तर तुमचं पुढचं लक्ष्य ३५००, दहा हजार नव्हे. सर्वांत मोठा फायदा अगदी बसून असलेल्यांनी थोडं हलायला लागल्यावरच मिळतो.

करायचं काय? पहिल्या आठवड्यात फक्त बूट घालून दाराबाहेर जायचं आणि पाच मिनिटांत परत यायचं. मला सुरुवातीला हे फारच क्षुल्लक वाटलं होतं. पण कठीण काय असतं ते बघा: चालणं कधीच कठीण नसतं, खुर्चीतून उठून बूट शोधणं कठीण असतं. म्हणून बूट कपाटात ठेवू नका. दाराशी, मोजे आत कोंबून, नाड्या सैल करून ठेवा. पाय सरकवला की निघालात. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं. सहाव्या आठवड्यापर्यंत अर्धा तास सहज होतो.

दुसरी चांगली खुंटी जेवणाची. जेवणानंतर दहा मिनिटं सावकाश चाललं की पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि ती एकदम चढत नाही. न्यूझीलंडमध्ये मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस दिवसातून एकदा ३० मिनिटं चालायला सांगितलं आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर जास्त कमी राहिली. वेळ तेवढाच, फक्त जागा बदलली.

ताकदीसाठी खुर्ची पुरे. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उभं राहायचं, सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा. म्हातारपणी स्वतःचं स्वतः उठता येणं हे मांड्यांच्या ताकदीवर अवलंबून असतं, आणि ती ताकद तिशीनंतर हळूहळू ओसरू लागते. ज्यांचं वय ६५च्या पुढे आहे त्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही करावा: ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहणं हा त्यातला सोपा.

चालताना छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, किंवा नेहमीपेक्षा वेगळाच दम लागला तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. हृदयविकार, मधुमेह, गुडघ्याचा जुना आजार किंवा गर्भारपण असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

पायरी ४: ताटातला एकच बदल

आहाराबद्दल इतका गलका आहे की नवख्या माणसाला खायचीच भीती वाटू लागते. माझा सल्ला असा की काही बंद करण्याआधी काहीतरी वाढवा. जे जेवता तेच जेवा, फक्त ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांनी भरा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते (बटाटा आणि तत्सम कंद यात धरत नाहीत). अर्धं ताट भरलं की बाकीचं आपोआप आक्रसतं आणि उपाशी राहिल्यासारखंही वाटत नाही.

महिन्याभराने मीठ आणि साखरेकडे वळा. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही जरा कमी, आणि यात पाकिटातल्या पदार्थांमधलं मीठही आलं. वरून मीठ घ्यायचं थांबवा, चवीचा सराव काही आठवड्यांत बदलतो. वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली, शक्य झाल्यास २५च्या आसपास. गोड शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्येच सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणून पहिली कात्री तिथे लावा. पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी येतं.

पाण्याचा आठ ग्लासांचा हट्ट नको. जेवणातूनही बरंच पाणी मिळतं. तहान लागली की प्या, उन्हात आणि व्यायामात जास्त प्या, आणि लघवीचा रंग बघा: फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मात्र किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

तंबाखू असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी तिच्यासाठी मदत घ्या. धूम्रपान थांबवल्यावर २० मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतात, आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो. नुसत्या निश्चयापेक्षा समुपदेशन आणि निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्ट्या यांच्या जोरावर सुटण्याची शक्यता जास्त. मागायला संकोच करू नका.

पायरी ५: दात, हात आणि डोळे

हे पटकन सांगते. दात दोनदा घासा, दर वेळी दोन मिनिटं, मऊ ब्रशने आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टने. जोर लावायचा नाही, हिरडी आणि दात मिळतात तिथे ब्रश तिरका धरून हलके फिरवायचं. झाल्यावर फेस थुंका पण भरभरून चुळा भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं. रात्रीचं घासणं सोडू नका, झोपेत लाळ कमी होते आणि किडीला मोकळं रान मिळतं. ब्रश तीन महिन्यांनी बदला.

हात साबणाने २० सेकंद: बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांखाली. १८४७ साली व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या वेळी त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. आपल्याला तर सगळं माहीत आहे, फक्त करायचं आहे.

स्क्रीनवर काम असेल तर दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानेच डोळे चुरचुरतात.

पायरी ६: मनाला रोज थोडा वेळ

घरातल्या सगळ्यांचं करणाऱ्या माणसांना स्वतःसाठी दहा मिनिटं काढणं अपराधासारखं वाटतं. कुणाची शुश्रूषा करणाऱ्यांना तर हमखास. मी एका आजारपणात कित्येक महिने तशी राहिले आणि शेवटी मलाच अंथरूण धरावं लागलं. मग ज्यांचं मी करत होते त्यांचं करायला दुसरं कुणी शोधावं लागलं. तेव्हापासून ती दहा मिनिटं मी औषधाच्या डोसासारखी मानते.

त्या वेळात काय करायचं? सर्वांत सोपं म्हणजे श्वास. पाठ टेकून बसा. नाकाने मनात चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, मनगटावर बोटं ठेवलीत तर तुम्हाला ते जाणवेलही. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. घेरी आल्यासारखं वाटलं तर नेहमीसारखा श्वास घ्या, जबरदस्ती नको. मन भरकटतं, ते भरकटणारच. आकड्यावर परत आणायचं, बस.

आणि माणसं. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास त्यात सहभागी झालेल्या पुरुषांच्या पुढच्या पिढीपर्यंत आजही चालू आहे. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांमध्ये समाधान होतं ते ऐंशीत जास्त निरोगी निघाले. म्हणून आठवड्यातला एक दिवस आणि एक खुंटी माणसासाठी ठेवा. रविवारी कपडे वाळत घालून झाले की एका जुन्या मैत्रिणीला, भावाला, शेजाऱ्याला फोन. 'कशी आहेस' विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं. निरोप टाइप करणं म्हणजे बोलणं नव्हे, आवाज ऐकू येऊ द्या.

खाडा पडला तर

पडणारच. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. घात होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, 'आता मोडलंच आहे' असं म्हटल्याने. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुल्या करते. मोकळ्या चौकोनाकडे बघून वाईट वाटून घ्यायचं नाही, फक्त शेजारचा चौकोन मोकळा सोडायचा नाही. चुकलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरूनही काढायचं नाही. दहाच्या जागी वीस केलेत की अंग दुखतं आणि तिसरा दिवसही जातो.

लागोपाठ आठवडाभर जमत नसेल तर सवय मोठी आहे किंवा खुंटी चुकीची आहे. अर्धी करा, नाहीतर जागा बदला. माझं श्वासाचं काम सकाळी कधीच टिकलं नाही. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला की तिथल्याच खुर्चीत बसायचं असं ठरवलं, तेव्हा टिकलं.

सवयी पुरत नाहीत तेव्हा

काही गोष्टी आतून जाणवत नाहीत, त्या मोजाव्या लागतात. रक्तदाब त्यातला पहिला. कित्येकांना वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाचा पत्ता नसतो. घरी मोजत असाल तर नीट मोजा: आधी अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नाही, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवा, पट्टा उघड्या दंडावर, मोजताना बोलू नका. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जा. रक्तातली साखर, दात आणि डोळे यांची तपासणी किती दिवसांनी करायची हे तुमचं वय आणि घरातले आजार बघून त्यांनाच ठरवू द्या.

मनाचंही तसंच. वाईट दिवस सगळ्यांना येतात. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते आळस किंवा कमकुवतपणा नाही, तो उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर थांबू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका आणि डॉक्टरांपर्यंत किंवा मदतीच्या फोनसेवेपर्यंत पोहोचा. कारण न कळता वजन घटणं, न भरणारी जखम, कुठूनही रक्त जाणं, नवी लागलेली गाठ, आठवडे उलटूनही न जाणारा खोकला यांसाठीही घरगुती सवयींवर विसंबू नका.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास काय, कधीपासून, कशाने वाढतो, कशाने कमी होतो. चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्या-काढ्यांसकट. विचारायचे तीन प्रश्न सर्वांत वर लिहा, कारण समोर बसल्यावर हमखास विसरतात. शक्य असेल तर कुणालातरी सोबत न्या, चार कानांनी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. आणि औषध किती दिवस घ्यायचं, बरं वाटल्यावर थांबवायचं की नाही, हे खुर्चीतून उठण्याआधी विचारून घ्या.